रिसेप्टर नक्की कुठे बसलेले असतात, आणि ते कुणी पाहिलेत?

स्नेहलतागंज
नमस्कार मंडळी. माझ्या मावशीला मायस्थेनिया ग्रेव्हिसचं निदान झालंय. सकाळी ती ठीक असते, संध्याकाळपर्यंत डावी पापणी खाली येते, पोळी चावताना जबडा थकतो. औषधाने फरक आहे, इंदूरमध्येच उपचार चालू आहेत, तेव्हा हा 'चांगला न्यूरॉलॉजिस्ट सुचवा' धागा नाही.

डॉक्टर म्हणाले, "रिसेप्टर कमी झालेत, शरीरच ते नष्ट करतंय." मावशी गणिताची निवृत्त शिक्षिका. तिने तिथल्या तिथे विचारलं, "कमी झालेत म्हणजे कुणी मोजले? असतात कुठे ते?" डॉक्टर हसले. बाहेर रांग होती, उत्तर राहिलं. आता रोज संध्याकाळी चहाला तोच प्रश्न मला. मी कॉमर्सवाली. मज्जातंतूवर हे रिसेप्टर सगळीकडे सारखे पसरलेले असतात की ठरलेल्या जागी? आणि इतकी बारीक गोष्ट लोक पाहतात कशी? उत्तरं तिला वाचून दाखवणार आहे, त्यामुळे धाग्याचा काश्मीर करू नका.

पोहे_जिरावण
पहिला! काही कळत नाही, पण वाचून राहिलोय भिया.

मायक्रोटोम
@स्नेहलतागंज, मावशींना नमस्कार सांगा. असले प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत हीच आमची तक्रार असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मायस्थेनियातले रिसेप्टर मज्जातंतूवर नसतात, स्नायूवर असतात. मज्जातंतूचं टोक स्नायूच्या तंतूपाशी येतं, पण चिकटत नाही. मध्ये साधारण ५० नॅनोमीटरची फट राहते. टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, फट ओलांडतं आणि पलीकडच्या पडद्यावरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. रिसेप्टर म्हणजे पाच तुकड्यांचं एक प्रथिन, मध्ये भोक. अ‍ॅसिटिलकोलीन लागलं की भोक उघडतं, सोडियम आत शिरतो, स्नायू आकुंचन पावतो.

आता जागेचं. स्नायूचा पडदा तिथे सपाट नसतो, घड्या पडलेल्या असतात. रिसेप्टर त्या घड्यांच्या माथ्यावर दाटीने बसतात, एका चौरस मायक्रोमीटरमध्ये साधारण १०,०००. घडीच्या तळाशी सोडियमच्या वाहिन्या असतात, तिथे त्यांचं वेगळं काम. आणि त्याच तंतूवर थोडं बाजूला सरकलं की रिसेप्टरची संख्या हजार पटीने घसरते. म्हणजे मावशींच्या प्रश्नाचं उत्तर: ठरलेल्या जागी, आणि तेही फार काटेकोरपणे.

ही जागा ठरवतो मज्जातंतू. तो अ‍ॅग्रिन नावाचं प्रथिन सोडतो. स्नायूवरचं एलआरपी४ ते ओळखतं, मस्क नावाच्या प्रथिनाला जागं करतं, आणि मग आतून रॅप्सिन रिसेप्टरना धरून एका ठिकाणी गोळा करतं. मज्जातंतू तोडला तर काय होतं, हे अ‍ॅक्सेलसन आणि थेस्लेफ यांनी १९५९ मध्ये मांजराच्या स्नायूवर दाखवलं. एरवी फक्त जोडाच्या जागी अ‍ॅसिटिलकोलीनला दाद देणारा स्नायू आता संपूर्ण लांबीभर दाद द्यायला लागला. रिसेप्टर सगळीकडे उगवले. शिस्त लावणाराच गेला ना.

छावणीची_सून
आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी गावाला गेला की पार्किंगमध्ये हेच होतं.

खजुरीबाजार
काडी टाकतो. हे १०,००० कुणी मोजले? शाळेत पुस्तकात गोल गोल चित्रं काढली होती, ती आम्हीही काढली, दहा मार्क मिळाले. प्रत्यक्ष रिसेप्टर पाहिलेला माणूस कुणी भेटला नाही. लँगली नावाच्या इंग्रजाने १९०५ मध्ये 'ग्रहण करणारा काहीतरी पदार्थ असावा' असा अंदाज बांधला, कारण निकोटिन लावलं की स्नायू आखडतो आणि क्युरारे लावलं की ते थांबतं. त्यानंतर कित्येक दशकं सगळा कारभार अंदाजावर चालला.

महूचा_मुसाफिर
@खजुरीबाजार, अंदाज नाही. साप.

मी जनावरांचा डॉक्टर, महूला शिकलो, त्यामुळे या विषयात जरा जास्त रस. तैवानमध्ये मण्यारीची एक जात आहे, आपल्याकडच्या मण्यारीची चुलत बहीण म्हणा. तिच्या विषातून चँग आणि ली यांनी १९६३ मध्ये एक विष वेगळं केलं, अल्फा-बंगारोटॉक्सिन. ते स्नायूवरच्या याच रिसेप्टरला चिकटतं आणि सुटायचं नाव घेत नाही. दुसऱ्या कशाला फारसं चिकटत नाही. मोजणाऱ्याला अजून काय पाहिजे? विषाला किरणोत्सारी आयोडीन जोडा, स्नायूचा तुकडा त्यात भिजवा, न चिकटलेलं धुऊन टाका, उरलेला किरणोत्सार मोजा. एका रेणूला किती आयोडीन ते माहीत असतं, म्हणजे भागाकार. मावशींना हे आवडेल. त्याच तुकड्यावर फोटोची फिल्म ठेवली तर काळे ठिपके कुठे उमटतात त्यावरून जागाही कळते.

आणि हे थेट तुमच्या मावशीच्या आजाराशी जोडलेलं आहे. १९७३ मध्ये फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी मायस्थेनियाच्या रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे घेऊन हाच भागाकार केला. निरोगी माणसांच्या मानाने रिसेप्टर फारच कमी निघाले. "कमी झालेत हे कुणी मोजलं?" याचं उत्तर ही तीन नावं. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत-ईलमधून काढलेला रिसेप्टर सशांना टोचला. हेतू अँटिबॉडी तयार करण्याचा. ससे लुळे पडायला लागले, कारण त्या अँटिबॉडी सशांच्या स्वतःच्या रिसेप्टरवर उलटल्या. डॉक्टर म्हणाले ते "शरीरच नष्ट करतंय" तिथे दिसलं.

अवांतर: कुत्र्यांनाही हा आजार होतो. चालता चालता मध्येच बसतात, थोडी विश्रांती घेऊन परत उठतात. मालक म्हणतात आळशी झालाय.

रामबागकर
महूकर साहेब, मण्यारीचा विषय काढलाच आहे तर एक विचारतो. नाग चावला तर निओस्टिग्मिन देतात असं ऐकलंय. तेच औषध मायस्थेनियात का?

महूचा_मुसाफिर
त्याच जातीचं औषध. अ‍ॅसिटिलकोलीन तोडणाऱ्या विकराला ते थोपवतं, म्हणून अ‍ॅसिटिलकोलीन फटीत जास्त वेळ राहतं आणि जे थोडे रिसेप्टर मोकळे आहेत त्यांना ते गाठू शकतं. नागाचं विष रिसेप्टरवर बसतं, म्हणून तिथे उपयोग होतो. आपल्या मण्यारीच्या विषाचा मोठा भाग मज्जातंतूच्या टोकावरच घाव घालतो. अ‍ॅसिटिलकोलीन सुटतच नाही तर ते टिकवून काय करणार? म्हणून मण्यारीत हे औषध फारसं चालत नाही. प्रतिविष आणि व्हेंटिलेटर, दुसरा उपाय नाही. कुणीही घरी प्रयोग करू नका, सरळ दवाखान्यात जा.

स्नेहलतागंज
मावशीने 'भागाकार' हा शब्द ऐकून चष्मा लावला आणि फोन माझ्या हातातून घेतला. तिचा पुढचा प्रश्न: स्नायूचं कळलं, पण मेंदूतल्या पेशींवर पण असंच असतं का? तिथे तर एका पेशीला हजारो जोड असतात म्हणे.

परदेशीपुरा
नावाप्रमाणे परदेशीच राहतो, काम याच विषयात आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

मेंदूत एका पेशीवर हजारो सिनॅप्स, म्हणजे दोन पेशींमधले जोड, असतात आणि प्रत्येक ठिकाणचा रिसेप्टर वेगळा. उत्तेजन देणारं रसायन मुख्यतः ग्लूटामेट. त्याचे अ‍ॅम्पा आणि एनएमडीए रिसेप्टर डेंड्राइटवरच्या (पेशीच्या संदेश घेणाऱ्या फांदीवरच्या) बारीक काट्यांच्या टोकाशी बसतात. आवर घालणारं गाबा. त्याचे रिसेप्टर डेंड्राइटवर असतात, पेशीच्या धडावर असतात, आणि अ‍ॅक्सॉन (संदेश पुढे नेणारा लांब तंतू) जिथून निघतो त्या मुळाशीही असतात. संदेश पुढे पाठवायचा की नाही हे त्या मुळाशी ठरतं, म्हणून तिथे बसलेला एक गाबा रिसेप्टर दूरच्या फांदीवरच्या अनेकांना भारी पडतो. भांगेतल्या टीएचसीला दाद देणारे सीबी१ रिसेप्टर तर उलट बाजूला, म्हणजे रसायन सोडणाऱ्या टोकावर असतात. काही रिसेप्टर पडद्यावर नसतातच. कॉर्टिसोलचा रिसेप्टर पेशीच्या आत तरंगत असतो आणि कॉर्टिसोल मिळालं की केंद्रकात शिरतो. झोपेच्या गोळ्यांपैकी बऱ्याचशा गाबा-ए या गाबाच्याच एका रिसेप्टरवर काम करतात, आणि त्या रिसेप्टरचे काही उपप्रकार सिनॅप्सच्या बाहेर राहून सतत मंद आवर घालत असतात.

सिनॅप्सपाशी आतल्या बाजूला एक जाड थर असतो. अ‍ॅम्पा-एनएमडीएच्या बाजूला त्यातलं मुख्य प्रथिन पीएसडी-९५, गाबा आणि ग्लायसिनच्या बाजूला गेफिरिन. रिसेप्टर यांना अडकून राहतात.

पण 'अडकून' म्हणजे कायमचे नव्हे. या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये त्रिये आणि शोके यांच्या गटांनी एकेका रिसेप्टरला खूण बांधून जिवंत पेशीवर त्याचा माग काढला. २००३ मध्ये तर क्वांटम डॉट, म्हणजे चमकणारे अतिसूक्ष्म कण, वापरून ग्लायसिन रिसेप्टरचा प्रवास चित्रित झाला. ते पडद्यावर भटकत होते. सिनॅप्सच्या बाहेर वेगाने, आत शिरले की मंद, थोडा वेळ अडकून परत बाहेर.

रामबागकर
म्हणजे आपल्या इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार, सराफा! जागा ठरलेली, गाड्या ठरलेल्या, भुट्ट्याचा कीस कुठे आणि जोशींचा दहीवडा कुठे हे डोळे मिटून सांगता येतं. गर्दीही रोज तेवढीच. पण आज उभा असलेला माणूस काल तिथे नव्हता.

परदेशीपुरा
अगदी. फक्त इथे गाड्याही हळूहळू बदलतात, पीएसडी-९५ पण ये-जा करतं. शिकताना काही सिनॅप्सवर अ‍ॅम्पा रिसेप्टरची गर्दी वाढते, तो जोड बळकट होतो.

पोहे_जिरावण
सराफा निघालाच आहे तर: छप्पन दुकानवर नूडल्समध्ये जे अजिनोमोटो टाकतात ते ग्लूटामेटच ना? मग ते खाऊन माझे एनएमडीए पेटतात का? बायको म्हणते मेंदूवर परिणाम झालाच आहे.

मायक्रोटोम
जिभेवर ग्लूटामेटचे वेगळे रिसेप्टर आहेत, त्यांना ते लागतं, म्हणून चव. पोटातलं बरंचसं ग्लूटामेट आतड्याच्या पेशीच वापरून टाकतात आणि रक्तातलं मेंदूत सहज शिरत नाही. वहिनींना दुसरं कारण शोधावं लागेल.

खजुरीबाजार
परत मूळ मुद्द्यावर. सिनॅप्सच्या आत रिसेप्टर कसे मांडलेत हे दिसलं कसं? सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा असते, दहावीच्या पुस्तकातही आहे.

कॅटरोड
इथे माझा नंबर. आयुष्य लेझरमध्ये गेलं, आमच्या केंद्राचं नाव २००५ मध्ये बदललं तरी इंदूरकर त्याला जुन्या नावाने कॅटच म्हणतात.

मर्यादा अशी: प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. अ‍ॅबे याने १८७३ मध्येच हे मांडलं. मेंदूतल्या सिनॅप्सची फट सुमारे २० नॅनोमीटर, रिसेप्टर स्वतः १०-२० नॅनोमीटरचा, पूर्ण सिनॅप्स काही शे नॅनोमीटर. म्हणजे सगळा सिनॅप्सच एक धूसर ठिपका. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात फट दिसते, सोन्याचे कण बांधून रिसेप्टरही दाखवता येतात, पण पेशी मेलेली असते.

मर्यादा मोडली नाही, तिला वळसा घातला. सगळे रेणू एकदम चमकवायचेच नाहीत. एका वेळी विरळ, चार-दोन. प्रत्येक रेणू धूसर ठिपका म्हणूनच दिसतो, पण ठिपका एकटा असेल तर त्याचा मध्यबिंदू गणिताने १०-२० नॅनोमीटरपर्यंत काढता येतो. ते विझवायचे, दुसरे पेटवायचे. अशा हजारो चित्रांचे मध्यबिंदू एकावर एक मांडले की नकाशा तयार होतो. स्टेफान हेल याने वेगळा रस्ता काढला, एका लेझरने चमकवायचं आणि भोवती कड्याच्या आकाराच्या दुसऱ्या लेझरने कडेची चमक मारायची. बेत्सिग, हेल आणि मर्नर यांना २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामाला मिळालं. भौतिकीच्या लोकांना रसायनाचं बक्षीस, असो.

परदेशीपुरा
आणि त्याने पाहिल्यावर काय दिसलं हे जास्त महत्त्वाचं. दीपक नायर (आता बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत) आणि बोर्दोच्या शोके गटाचा २०१३ चा शोधनिबंध आहे. सिनॅप्समध्येही अ‍ॅम्पा रिसेप्टर समान पसरलेले नाहीत. सुमारे ७० नॅनोमीटरच्या छोट्या पुंजक्यांत आहेत. अ‍ॅम्पाची ग्लूटामेटवरची पकड सैल असते, ग्लूटामेट जिथे सुटतं त्याच्या अगदी समोर असलेल्यांनाच ते पुरेसं मिळतं. २०१६ मध्ये ब्लॅनपीड यांच्या गटाने दाखवलं की अलीकडची सुटण्याची जागा आणि पलीकडचे पुंजके समोरासमोर जुळलेले असतात. रिसेप्टरची संख्या तीच ठेवून नुसता पुंजका बाजूला सरकवला तर संदेश दुबळा होऊ शकतो. माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांत या विषयात कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. किती आहेत हा निम्मा प्रश्न झाला.

छावणीची_सून
लेझर परवडत नसेल तर? :)

परदेशीपुरा
मग डायपर. थट्टा नाही. बॉस्टनजवळच्या एमआयटीत बॉयडेनच्या गटाने २०१५ मध्ये मेंदूच्या तुकड्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचं जाळं तयार केलं. बाळाच्या डायपरमध्ये असतं तेच. मग पाणी घातलं. तुकडा चारी बाजूंनी साधारण चौपट फुगला, रेणू एकमेकांपासून दूर गेले, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाने पूर्वी न दिसणारं दिसलं.

छावणीची_सून
घरात जुळी आहेत. मी गेली दोन वर्षं संशोधन करतेय आणि मला कुणी सांगितलंच नाही.

खजुरीबाजार
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, म्हणून ही शंका गांभीर्याने मांडतो. तुमचे हे सुंदर नकाशे रिसेप्टरला शोधून चिकटणाऱ्या अँटिबॉडीवर उभे आहेत. अँटिबॉडी स्वतः दहा-एक नॅनोमीटरची, तिच्यावर दुसरी, तिच्या टोकाला रंग. म्हणजे रंग रिसेप्टरपासून पंधरा-वीस नॅनोमीटर दूर असू शकतो. सत्तर नॅनोमीटरच्या पुंजक्यात हा फरक थोडा नाही. शिवाय दोन हात असलेली अँटिबॉडी दोन रिसेप्टरना धरून स्वतःच पुंजका तयार करू शकते. त्याहून वाईट म्हणजे बाटलीवर एका रिसेप्टरचं नाव आणि चिकटते भलत्याला. मग नकाशा कशाचा?

परदेशीपुरा
@खजुरीबाजार, तिन्ही आक्षेप खरे आहेत आणि आमच्याकडे रोज यावरच भांडणं होतात. कसोटी अशी: ज्या उंदरात तो रिसेप्टर बनवणारं जनुकच काढून टाकलंय, त्याच्या मेंदूवर तीच अँटिबॉडी लावायची. तरीही रंग आला तर बाटली फेकायची. कित्येक बाटल्या फेकल्या जातात. अंतरासाठी उंटाच्या कुळातल्या प्राण्यांपासून मिळणारे छोटे अँटिबॉडी-तुकडे वापरतात, किंवा रिसेप्टरलाच जनुकातून चमकणारं प्रथिन जोडतात. पण जोडलेलं प्रथिन रिसेप्टरची चाल बदलू शकतं. म्हणून एकाच पद्धतीवर उभा असलेला निष्कर्ष मी मानत नाही. विजेची नोंद घेणारं पॅच क्लॅम्प (नेहर आणि साकमन, १९७६) जोडीला पाहिजेच, ते रिसेप्टर काम करतोय का हे सांगतं. रंग फक्त प्रथिन तिथे आहे एवढंच सांगतो.

खजुरीबाजार
हे पटलं. पहिल्या प्रतिसादात हेच लिहायचं होतं ना.

मायक्रोटोम
यात मावशींच्या आजाराशी जोडलेली एक गोष्ट राहिली. मायस्थेनियाच्या काही रुग्णांत रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडी सापडत नाहीत. २००१ मध्ये कळलं की त्यातल्या काहींत अँटिबॉडी मस्कविरुद्ध असतात. म्हणजे हल्ला रिसेप्टरवर नाही, त्यांना गोळा करणाऱ्यावर. लक्षणं जवळपास तीच, औषधांना प्रतिसाद मात्र वेगळा असू शकतो. मेंदूतही याचा भाऊ आहे: २००७ मध्ये दाल्माऊ यांनी वर्णन केलेला, एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडीचा मेंदूदाह. तरुण मुली अचानक भ्रमिष्टासारख्या वागायला लागतात, घरचे बाहेरची बाधा समजतात. अँटिबॉडी रिसेप्टर मारत नाही, जोडीजोडीने धरून पेशीच्या आत ओढायला लावते. उपचार केल्यावर बऱ्याच जणींत रिसेप्टर परत पडद्यावर येतात.

स्नेहलतागंज
मावशीच्या रिपोर्टमध्ये रिसेप्टरच्याच अँटिबॉडी आहेत, मस्क नाही. तिने वहीत लिहून काढलंय. शेवटचे दोन प्रश्न (ती म्हणते शेवटचे, मी हमी देत नाही). एक, माझे स्वतःचे किती उरलेत हे जिवंतपणी मोजता येतं का? दोन, सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट का, रिसेप्टर दिवसभरात कमी होतात का?

कॅटरोड
पहिल्याचं: मेंदूत पेट स्कॅनने अंदाज घेता येतो. डोपामिनच्या रिसेप्टरला चिकटणारं रॅक्लोप्राइड किरणोत्सारी कार्बनने खूण करून टोचतात. त्या कार्बनचं अर्धायुष्य २० मिनिटं, म्हणून तो तयार करणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, दवाखान्याच्या आवारातच लागतं. पण ते चित्र मिलिमीटरमध्ये असतं. मेंदूच्या कुठल्या भागात किती हे कळतं, सिनॅप्स दिसत नाही. स्नायूसाठी असलं काही नेहमीच्या तपासणीत नाही.

मायक्रोटोम
मावशींना तपासणीत मनगटाला किंवा चेहऱ्याला ओळीने बारीक करंट दिले असतील, सेकंदाला तीनच्या आसपास. रिसेप्टर मोजत नाहीत, त्यांची उणीव त्यात उघडी पडते. मज्जातंतूला लागोपाठ हाका घातल्या की प्रत्येक वेळी थोडं कमी अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं. हे सगळ्यांतच होतं, तुमच्या-माझ्यातही. पण निरोगी जोडाकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त रिसेप्टर असतात, त्यामुळे काही बिघडत नाही. शिल्लक संपलेली असेल तर तिसऱ्या-चौथ्या हाकेला काही तंतू दाद देत नाहीत आणि आलेख उतरतो. संध्याकाळचं तेच. रिसेप्टर सकाळपासून घटलेले नसतात. दिवसभर वापर झालेला असतो आणि शिल्लक नसते. पापणीवर बर्फ ठेवला की ती थोडा वेळ उघडते, कारण थंडीत अ‍ॅसिटिलकोलीन तोडणारा विकर मंदावतो. डॉक्टर ही चाचणी करतात.

महूचा_मुसाफिर
यात एक भर, मावशींनी वहीत लिहावी अशी. निरोगी स्नायूतही रिसेप्टर कायमचा नसतो. आठवड्या-दीड आठवड्यात साधारण निम्मे जुने जाऊन नवे येतात. अँटिबॉडी ही मोडतोड दोन-तीन पट वेगाने करायला लावते. बनवण्याचा कारखाना मात्र चालूच असतो. म्हणून अँटिबॉडी दाबणारं औषध लागू पडलं की घड्यांच्या माथ्यावर परत रिसेप्टर भरायला लागतात. औषध सुरू करून फरक दिसायला आठवडे का लागतात, त्याचं एक कारण हेही आहे.

स्नेहलतागंज
वाचून दाखवलं. ती म्हणाली, निम्म्याचं निम्मं होत जाणारी श्रेणी आहे, आकडे दिले असते तर तिने आलेख काढून दिला असता. @महूचा_मुसाफिर, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय, निरोगी स्नायूचे नक्की दिवस पाहिजेत तिला.